पाना तुमच्या हातून पडला नव्हता

भाऊजी, मंडळाच्या पाडव्याच्या अंकात तुमच्यावर दोन पानं लिहून द्या म्हणून फोन आला होता. 'काकू, गोड गोड आठवणी लिहा, वसंतराव किती हसतमुख होते ते लिहा,' असं त्या बाई म्हणाल्या. मी हो म्हटलं. तुम्ही गेल्यापासून मी सगळ्यालाच हो म्हणते आहे. फ्युनरल होमच्या माणसाने विचारलं, इथे बसणार का, हो. शेजारणीने विचारलं, माझं भांडं रिकामं झालं का, हो. त्यात अजून तिचं ते चीज घातलेलं काहीतरी तसंच होतं. मेधा म्हणाली, 'काकू, यू आर नॉट लिसनिंग टु मी,' तर त्यालाही हो.

रडू मात्र आलेलं नाही. बर्फातून घरात आल्यावर हात कपाला लावला तरी कप गरम आहे की गार हे काही वेळ कळत नाही ना, तसं चाललं आहे. स्वयंपाक करते, मीठ बरोबर पडतं. लोक म्हणतात काकू किती खंबीर आहेत. खंबीर कसली. काही पोचतच नाही आतपर्यंत.

गोड आठवणी आहेत, लिहीनच. पण त्यांच्याआधी एक गोष्ट आहे. सहा वर्षं ती माझ्या तोंडाशी आली आणि परत गेली. तुम्हाला सांगायची राहिली. आणि तुम्ही गेलात तरी ती संपली नाही, कारण सुधाच्या मनात परवापर्यंत तेच होतं, की आपला नवरा हाताचा धांदरट होता, आणि त्या एका धांदरटपणापायी त्याने आपलं सगळं काम घालवलं. मंडळातही तेच बोलतात. तुमच्या नावाला ते चिकटून राहायला नको. म्हणून लिहायला बसले. क्रम चुकला तर चुकू दे. मी बोलते तशी लिहिते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

लग्न होऊन आले तेव्हा मी सोळाची आणि तुम्ही नऊ वर्षांचे. नाक वाहतंय, चड्डीला एकच बटण, आणि सासूबाईंनी सांगितलं, दिराला भाऊजी म्हणायचं, अहोजाहो करायचं. मग मी आपली म्हणायची, 'अहो भाऊजी, नाक पुसा.' तुम्ही ऐटीत पुसायचात, बाहीला. ते अहो पुढे जन्मभर राहिलं. इकडे मेधाला त्याचं हसू यायचं. तिला वाटायचं, काकू बाबाला घाबरते.

तुमच्या दादांनी आधी इकडे येऊन, कागद भरून, मग तुम्हाला बोलावलं. मंडळातले सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, आणि तुम्ही पुण्याच्या कारखान्यातले फिटर. पण इथे पेन्सिल्व्हेनियात त्या उपग्रह जोडायच्या कारखान्यात लागलात, आणि मग त्या इंजिनिअर मंडळींचीही मान जरा वर व्हायची, 'आमचे वसंतराव उपग्रह बनवतात' म्हणून सांगताना. दादा गेले तेव्हा तुम्ही मला काही विचारलंही नाहीत. त्या अपार्टमेंटमधलं माझं सामान सरळ गाडीत भरलंत. 'वहिनी, विळी तुमच्या पायाशी ठेवा, मागे कुणाला लागेल.' एवढंच बोललात. वाटेत पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मला कॉफी आणून दिलीत, आणि ती मला आवडत नाही हे माहीत असून आणलीत, कारण तिथे दुसरं काही नव्हतं. मी ती प्यायले. ती आठवण गोड आहे. ती छापा म्हणावं.

दुसरी गाडीची. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला गाडी शिकवायला बसलात. रविवारी सकाळी मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. मी सुरू करायच्या आधी हात जोडायची, वळताना डोळे मिटायची.

'वहिनी, आधी ब्रेक. देवाला मागाहून हाक मारा.'

'देव थांबवील की.'

'देवाचा पाय पोचत नाही ब्रेकवर.'

तीन महिने लागले. तुम्ही एकदाही आवाज चढवला नाहीत. सुधाला शिकवताना चढवलात, ते तिने मला मुद्दाम सांगितलं आहे लिहायला.

तुमचं काम काय ते मला तुम्हीच समजावलं, जेवणाच्या टेबलावर. पांढरा डगला, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, आत जाताना बूटही पुसायचे. 'सोवळंच ते, वहिनी, फक्त ओलेत्याने नाही. कुणी शिवलं की तुमच्यासारखंच पुन्हा पहिल्यापासून.' आणि तुमचा तो पाना. साधा पाना माणूस थकेपर्यंत आवळत राहतो, पण हा म्हणे ठरलेला ताण आला की टक् करतो. टक् ऐकलं की हात थांबवायचा. जास्त आवळलं तर तुटेल, कमी आवळलं तर निसटेल. तुमच्या तोंडावर असा आनंद असायचा सांगताना, की जसा काही तो टक् तुम्हीच शोधून काढलाय.

'माणसांनाही असलं काहीतरी बसवायला पाहिजे,' मी म्हटलं होतं.

'तुम्हाला उपयोग नाही, वहिनी. तुम्ही टक् ऐकून पुढे बोलता.'

आता त्या खंडेनवमीचं.

दरवर्षी मी पाट मांडायची. माझी विळी, सुधाची शिवणाची कात्री, मेधाची कंपासपेटी, गाडीची किल्ली. दादा असताना त्यांची ती हिशेबाची सरकपट्टी ठेवायचे, ती पण मी अजून ठेवत होते. आणि तुमचं काहीच नाही. हे मला खटकायचं. दोन वर्षं तुमच्यामागे लागले होते.

'किल्लीला कुंकू लावता, आणि ज्याच्यावर घर चालतं ते तिकडे कपाटात पडलेलं.'

'ते माझं नाही वहिनी, कंपनीचं आहे. बाहेर न्यायचं नसतं. संध्याकाळी खिडकीवर परत द्यायचं, सकाळी सही करून घ्यायचं.'

'एका रात्रीने काय होतं? चोरतोय का आपण? पूजा करून सकाळी नेऊन ठेवायचं.'

'नियम आहे.'

'दादांनी कधी असं म्हटलं नाही. त्यांच्या ऑफिसातली पट्टी घरी येत होती.'

दादांचं नाव काढलं की तुमचं तोंड बंद व्हायचं, हे मला माहीत होतं. म्हणूनच काढलं. आज लिहिते आहे ते. त्या वर्षी आदल्या दिवशी संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला पाना बाहेर काढलात आणि माझ्या हातात दिलात. 'सांभाळून, वहिनी. तान्हं मूल आहे असं समजा.' मी चेष्टेत त्याला खांद्यावर घेऊन थोपटलं. सगळे हसलो.

सकाळी तुम्ही आंघोळीला गेला होतात. सुधा आतल्या खोलीत मेधाच्या वेण्या घालत होती, शाळेची बस यायची होती. मी पाट मांडला, हळदकुंकू लावलं, पान्यालाही ठसठशीत लावलं. मग वाटलं, विळी मध्ये आली आहे, आज मधला मान पान्याचा. म्हणून उचलला. हाताला निरांजनाचं तूप लागलेलं. सुटला तो थेट किचनच्या फरशीवर, डोक्यावर.

मी उचलला. उलटसुलट करून बघितला. डोक्याच्या कडेला एवढासा खळगा पडला होता, तुरीच्या डाळीएवढा. पदराने पुसला, परत पाटावर ठेवला, त्यावर अंगणातल्या शेवंतीची दोन फुलं ठेवली.

मला काय वाटलं ते सांगते, कारण मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. पाना बिघडला असेल हे माझ्या मनातच आलं नाही. लोखंड आहे, पडून त्याला काय होतंय, विळी आजवर किती वेळा पडली. मला भीती वाटली ती वेगळीच. पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या आदल्या दिवशी हातून पडलं, हे बोलायचं कसं? तुमच्या मनात दिवसभर किंतू राहिला असता. अपशकुन तोंडाने काढू नये म्हणून मी गप्प बसले. तुम्ही आलात, नमस्कार केलात, कुंकू पुसून पाना गुंडाळलात, पिशवीत घातलात. 'सावकाश जा,' मी म्हटलं. बस. चार शब्द बोलले असते तर तुम्ही तो पाना वापरला नसता. तुम्ही कसे होतात मला माहीत आहे. आधी तपासायला टाकला असता, आणि घरी का नेला म्हणून बोलणी खाल्ली असतीत, आणि तिथे संपलं असतं.

त्या दिवशी तुम्ही तीनलाच घरी आलात. गाडी दाराशी लागली, पण तुम्ही उतरला नाहीत. मी खिडकीतून बघत होते. शेवटी मीच बाहेर गेले.

'बरं नाही का?'

'पडला, वहिनी.'

'कोण?'

'उपग्रह.'

मग आत येऊन टेबलावर सांगितलंत, बरणी आणि तिचं झाकण घेऊन. उपग्रह उभा होता, त्याला आडवा करायचा होता. तळाला तो एका कड्यावर बसवलेला, आणि भोवतीने एक पट्टा, बरणीच्या झाकणाला असतो तसा, बोल्टांनी आवळलेला. तो पट्टा तुम्ही सकाळी आवळला होता, तुमच्या पान्याने, टक् होईपर्यंत. आडवा होता होता पट्टा सरकला आणि उपग्रह निसटला. उंची फार नव्हती म्हणालात, माणसाच्या कमरेएवढी. कुणाला लागलं नाही. मेधाने विचारलं, आवाज केवढा झाला? 'फार नाही. पत्र्याचं कपाट कुणी जोरात लावावं तेवढा.' मग बरणीचं झाकण लावलंत, परत काढलंत, परत लावलंत. सुधाने ती तुमच्या हातून काढून घेतली.

चारशे माणसांचं तीन वर्षांचं काम होतं त्यात, हे तुम्ही सांगितलं. किंमत तुम्ही कधी काढली नाहीत. ती मंडळात ज्याने त्याने आपापली लावली.

आठ दिवसांनी जेवताना तुम्ही म्हणालात, 'पाना बिघडला होता. टक् लवकर करत होता.' माझा घास हातात राहिला. सुधाने विचारलं, 'कसा बिघडला?'

तुम्ही ताटातून मान वर केली नाहीत. 'पडला असणार माझ्या हातून. घरी आणला होता ना. कधीतरी पडला असणार.'

'आणि तुम्हाला कळलं नाही? हातातली वस्तू पडते आणि माणसाला कळत नाही?'

'नाही कळलं.'

मला वाटलं, तुम्हाला खरंच तसं वाटतंय. आपल्याच हातून पडला असेल अशी समजूत झाली आहे. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी भात वाढला. तुम्हाला भात पुरे होता तरी वाढला.

नोकरीतून काढलं नाही तुम्हाला. काढलं असतं तर बरं झालं असतं असं सुधा म्हणायची. त्या पांढऱ्या खोलीतून काढून मागच्या बाजूला माल उतरवून घ्यायच्या दारावर पाठवलं. खोकी मोजायची, कागदावर टिक करायची. सहा वर्षं. उन्हाळ्यात तिथे धूळ, हिवाळ्यात वारा. तुम्ही घरी येऊन कामाचं बोलायचं थांबलात. विचारलं की म्हणायचात, 'आज खोकी आली, वहिनी.'

आणि घरात, भाऊजी, घरात तुमच्या हातात कुणी काही देईना. सुधाचा स्वभाव वाईट नाही, पण तिला लागलं होतं ते फार. पाहुण्यांसमोर म्हणायची, 'ट्रे ठेवा तो, मी नेते. आमच्या ह्यांच्या हातात काही देऊ नका.' तुम्ही ठेवायचात. गणपतीला मंडळाची मूर्ती गाडीतून हॉलमध्ये दरवर्षी तुम्ही आणायचात, नऊ वर्षं आणलीत. त्या वर्षीपासून कुणीतरी म्हणालं, 'वसंतराव, मूर्ती आम्ही घेतो, तुम्ही आपली आरती म्हणा.' हॉलभर हसू झालं. हा अंक वाचणाऱ्यांतले बरेच जण त्या हसण्यात होते. तुम्हीही हसलात. मीसुद्धा हसले, भाऊजी. टाळ हातात घेऊन तुम्ही मागे जाऊन उभे राहिलात, आणि मी आपली सगळ्यांबरोबर हसत होते.

पुढच्या खंडेनवमीला मी पाटच मांडणार नव्हते. तुम्हीच काढून दिलात. 'मांडा, वहिनी. विळी आहे, कात्री आहे. त्यांचं काय चुकलंय.'

आणि तो जानेवारीतला दिवस, ते अंतराळात जाणारं शटल आकाशात फुटलं तो. सारखं तेच तेच टीव्हीवर दाखवत होते. मंडळातले दोन-तीन फोन आले, तुमच्याकडून माहिती हवी म्हणून. तुम्ही घेतले नाहीत. टीव्हीचा आवाज बंद करून नुसते बघत बसलात. मग म्हणालात, 'आता कुणीतरी घरी बसून आठवत असेल, वहिनी. आपण त्या दिवशी काय केलं ते.' आणि माझ्याकडे बघितलंत. मी तुमच्या शेजारच्या खुर्चीत होते. दोन वीत अंतर. तुम्ही बराच वेळ बघत होतात. मी म्हटलं, 'चहा टाकते.'

त्या बघण्याचा अर्थ मला गेल्या आठवड्यात कळला.

तुमच्याबरोबर त्या खोलीत काम करणारा तो रे नावाचा माणूस आला होता. उंच, गोरा, कोट हातातच धरून बसला. ॲपल पाय घेऊन आला होता. मेधाने त्याला कॉफी दिली आणि मला म्हणाली, 'काकू, ही वॉन्ट्स टु टॉक टु यू.' सुधा आत पडली होती. रे इंग्रजीतच बोलला, मला समजलं तसं लिहिते आहे.

तो म्हणाला, दर सकाळी पाना एका यंत्रावर तपासून बघायचा, आणि दोघांनी सह्या करायच्या. त्या सकाळी यंत्र दुसऱ्या खोलीत अडकलं होतं, क्रेनवाला ताटकळत होता, म्हणून आम्ही दोघांनी न तपासताच सह्या केल्या. मी पण केली. वसंतने चौकशीत माझ्यावर काही येऊ दिलं नाही, सगळं पान्यावर आणि स्वतःवर घेतलं. सहा वर्षं मला त्याच्यासमोर धड बसता आलं नाही, म्हणाला. सांगताना कोटाची गुंडाळी करत होता, सोडत होता.

मग म्हणाला, पान्याच्या डोक्याला खळगा होता. चौकशीवाल्यांनी भिंग लावून बघितलं, तर खळग्यात लाल पूड दाबली गेली होती. हे काय म्हणून विचारलं. वसंतने भिंगातून बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाला, घरच्या पूजेचं आहे. पाना कुणी पाडला विचारलं. तो म्हणाला, मी. माझ्या किचनमध्ये.

रे गेल्यावर मी तो ॲपल पाय फ्रीजमध्ये ठेवला. कुंकू खळग्याच्या आत होतं. म्हणजे कुंकू लावल्यानंतर पडला. कुंकू लावलं तेव्हा तुम्ही आंघोळीला. तुम्ही बाहेर आलात तेव्हा त्यावर फुलं होती. हे त्या परक्या माणसांना कळणार नव्हतं, पण तुम्हाला त्या भिंगाखाली सगळं किचन दिसलं असणार. म्हणजे त्या जेवणाच्या आधीच तुम्हाला माहीत होतं. मी भात वाढला तेव्हा माहीत होतं. सुधा बोलायची तेव्हा, हॉलमध्ये हसलो तेव्हा, सगळा वेळ.

विचारलं का नाहीत, भाऊजी? एकदा म्हणायचं, वहिनी, तुम्ही का. मी कबूल केलं असतं. केलं असतं का, ते खरं म्हणजे मला माहीत नाही. तुम्ही मला ती वेळच येऊ दिली नाहीत, आणि मी त्याला तुमचा भोळेपणा समजत राहिले. यावर आपलं भांडण व्हायला हवं होतं. मी म्हटलं असतं, तुम्ही कोण मला पाठीशी घालणारे, मी मोठी आहे. तुम्ही काहीतरी थट्टा केली असतीत. ती काय असती ते मी शोधते आहे, सुचत नाही.

बर्फ काढायला गेलात आणि फावडं उभं तसंच राहिलं, तुम्ही बसलात ते बसलातच. त्या सकाळी मी तुम्हाला काय म्हटलं होतं ते आठवत नाही. टोपी घाला म्हटलं असेन.

तेराव्यानंतर मी सुधाला सांगितलं. ती तुमचे शर्ट काढून घड्या करत होती, चर्चवाल्यांना द्यायचे म्हणून. मी दारात उभी राहूनच सांगितलं, पहिल्यापासून, दादांचं नाव काढलं तिथपासून. तिने घडी मोडली नाही. सगळं संपल्यावर म्हणाली, 'बाहेर जा, वहिनी.' मी गेले. दोन दिवस बोलली नाही. माझं ताट वाढून ठेवायची, मी जेवायची. दोघी एका टेबलावर, मध्ये लोणच्याची बरणी. तिने मला ओरडावं असं वाटत होतं. ओरडली नाही. ती पण माझ्यासारखीच झाली आहे, आत काही पोचत नाही.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'मंडळाच्या अंकात लिहायला सांगितलंय ना तुम्हाला?'

'हो.'

'मग तिथे लिहा. मला एकटीला सांगून काय होतंय. मी त्यांना एकट्यात नाही बोलले, चारचौघांत बोलले.'

म्हणून हे लिहिलं. मूर्ती नऊ वर्षं ज्याने आणली त्याच्या हातून काही पडलं नव्हतं. पाना माझ्या हातून पडला. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

काल दुपारी सुधाला वाचून दाखवलं. ती वाटाणे सोलत होती. मध्ये कुठे थांबली नाही. शेवटचं पान झालं, मी चष्मा काढला.

'एक राहिलं,' ती म्हणाली.

'काय?'

'त्या सकाळी आवाज झाला तेव्हा मी आतून विचारलं होतं, काय पडलं म्हणून.'

मला हे आठवतच नाही, भाऊजी. सहा वर्षांत एकदाही आठवलं नाही.

'विचारलं होतं, वहिनी. मेधाची वेणी अर्धी हातात होती. तुम्ही म्हणालात, काही नाही, पळी पडली.'

'मी असं म्हटलं?'

'म्हटलंत. मला वाटलं, पळीचा एवढा मोठा आवाज?' तिने शेंग उकलली, दाणे वाडग्यात टाकले. 'पण बस यायची होती. मी बाहेर येऊन बघितलं नाही. आणि पुढे त्यांना बोलताना तो आवाज मला एकदाही आठवला नाही.'

पुढची शेंग घेत म्हणाली, 'हे पण लिहा.'

लिहिलं आहे.